डॉग शो बघायला जाताय? रिंगच्या कडेला उभं राहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पहिल्यांदा डॉग शोला गेलेला माणूस तासाभरात गोंधळतो. एका रिंगमध्ये सहा सारखेच दिसणारे कुत्रे गोल धावतात, जज काही न बोलता बोट दाखवतो आणि टाळ्या वाजतात. पलीकडे टेबलावर उभ्या असलेल्या एका पूडलच्या डोक्यावर कोणीतरी अर्धा तास कंगवा चालवत असतं. मग प्रश्न सुरू होतात: हे काय चाललंय, यात जिंकलं कोण आणि का, आणि इतकी सजावट चालते तर ही स्पर्धा कुत्र्याची की कात्रीची? मी अनेक वर्षं प्रेक्षक म्हणून जाते. सोबत येणारे मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे देते आहे.

ही कुत्र्यांची सौंदर्यस्पर्धाच ना?

दिसते तशी, पण नाही. समोरच्या सहांतला सगळ्यात गोंडस कोण, हे जज शोधत नसतो. प्रत्येक जातीचं एक लिखित वर्णन असतं, त्याला ब्रीड स्टँडर्ड म्हणतात. उंची, डोक्याची ठेवण, दातांची पकड, खांद्याचा कोन, केसांचा पोत, रंग, चाल, स्वभाव असं सगळं त्यात येतं. प्रत्येक कुत्रा त्या वर्णनाच्या किती जवळ जातो हे जज पाहतो. पुढची पिढी कोणापासून घ्यावी हे ठरवणं हा या शोचा मूळ हेतू. म्हणूनच अमेरिकन केनेल क्लबच्या (जातींची नोंद आणि शोचे नियम सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेच्या) अशा शोमध्ये नसबंदी केलेला कुत्रा सहसा उतरवता येत नाही.

न्यायाचा प्रश्न मात्र या खेळाइतकाच जुना आहे. आधुनिक पद्धतीचा पहिला शो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जून १८५९ मध्ये भरला. त्यात पॉइंटर आणि सेटर या दोनच प्रकारचे शिकारी कुत्रे होते. पॉइंटरच्या जजचा कुत्रा सेटरमध्ये पहिला आला आणि सेटरच्या जजचा कुत्रा पॉइंटरमध्ये! दोघेही कदाचित खरोखर उत्तम कुत्रे असतील, पण आज असा निकाल कोणी मान्य करणार नाही. पुढे १८७३ मध्ये ब्रिटनचा केनेल क्लब स्थापन झाला. शोंना एक शिस्त, एक नियमावली हवी ही गरज त्यामागे होती.

निकाल पुढे कसा सरकतो?

आधी एकाच जातीचे कुत्रे वय, लिंग आणि आधीची कामगिरी यांनुसार वेगवेगळ्या वर्गांत उतरतात. त्यातून त्या जातीचा सर्वोत्तम निवडला जातो. जातींचे गट केलेले असतात: ब्रिटन आणि अमेरिकेत सात, तर १९११ मध्ये स्थापन झालेल्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीत दहा. जातविजेते आपापल्या गटात भिडतात आणि गटविजेत्यांतून ‘बेस्ट इन शो’ ठरतो. क्रफ्ट्स हा ब्रिटनमधला प्रसिद्ध शो १८९१ पासून भरतो, पण तिथे ‘बेस्ट इन शो’ हा किताब १९२८ मध्ये आला. पहिला मान एका ग्रेहाउंडला मिळाला.

शेवटची फेरी तेवढी बघितली तर चालेल?

चालेल, पण खरा शो तुम्ही चुकवाल. शेवटच्या फेरीत एकमेकांशी काहीच साम्य नसलेले कुत्रे उभे असतात आणि त्यांची तुलना नवख्याला कळणं कठीण. सकाळी लवकर जा. एका जातीची रिंग निवडा आणि पहिल्या वर्गापासून शेवटपर्यंत तिथेच बसा. एकाच जातीचे पंधरा-वीस कुत्रे सलग पाहिले की डोळा तयार होतो. कोणाची पाठ चालताना हलते, कोण मागचे पाय आत घेतो, हे दिसू लागतं. कॅटलॉग विकत घ्या. त्यात हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला रिंगमध्ये चालवणाऱ्याच्या, दंडावरच्या क्रमांकासमोर कुत्र्याचं नाव, वय, आई-वडील आणि मालक यांची नोंद असते. जजने मात्र न्यायनिवाडा संपेपर्यंत हा कॅटलॉग पाहायचा नसतो. तुमच्या हातात आहे ते त्याच्या हातात नाही, ही लहानशी तजवीज फार मोलाची आहे.

कुत्र्यांना हात लावता येतो का?

विचारल्याशिवाय कधीच नाही. त्यातही वेळ ओळखा. रिंगमध्ये जाण्याआधीचा अर्धा तास हँडलरच्या दृष्टीने परीक्षेच्या दाराशी उभं राहण्याचा असतो. सकाळपासून विंचरून, एकेक केस उभा करून ठेवलेल्या कोटावर, म्हणजे कुत्र्याच्या अंगावरच्या केसांवर, प्रेमाने फिरवलेला एक हातही ती मेहनत मोडू शकतो. निकाल लागल्यावर तोच माणूस खुर्ची पुढे करून तुमच्याशी तासभर बोलेल. काही शो ‘बेंच्ड’ असतात, म्हणजे कुत्र्यांना ठरलेल्या जागी लोकांना पाहता येईल असं बसवून ठेवावं लागतं. क्रफ्ट्स तसाच आहे. माणसांशी बोलायला, जात समजून घ्यायला यासारखी जागा नाही.

माझा कुत्रा सोबत नेऊ?

नाही. बहुतेक शोंमध्ये नोंदणी नसलेल्या कुत्र्याला प्रवेशच नसतो. जिथे असतो तिथेही एवढ्या गर्दीत, एवढ्या अनोळखी वासांत त्याला उभं करणं त्याच्यावर अन्याय आहे.

लहान मुलांना न्यावं का?

जरूर न्या. फक्त दोन गोष्टी आधी सांगून ठेवा: कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही आणि हातात खाऊ धरून रिंगजवळ जायचं नाही. फुगे घरी ठेवा. रिंगच्या कडेला फुटलेल्या एका फुग्याने एखाद्या पिल्लाचा पहिला शो कायमचा बिघडू शकतो.

टाळ्या, फोटो, हाका यांचं काय?

टाळ्या वाजवा. फोटो काढा, पण फ्लॅश नको, आणि जज दात तपासत असताना तर मुळीच नको. हाकांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे प्रेक्षकच नकळत अन्यायात सामील होऊ शकतो. काही मालक स्वतः रिंगबाहेर थांबतात आणि कुत्रा हँडलरच्या हाती देतात. मग बाहेरून शीळ घालणं, खेळणं वाजवणं, कडेकडेने धावणं सुरू होतं, म्हणजे कुत्रा मान ताणून, कान टवकारून उभा राहतो. याला डबल हँडलिंग म्हणतात. जर्मन शेफर्डच्या रिंगांभोवती हे अनेक वर्षं फार चालत आलं आहे आणि काही ठिकाणी ते खपवूनही घेतात. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे. शांत उभ्या असलेल्या बाकीच्या कुत्र्यांचं लक्षही त्यामुळे उडतं. तुमच्या ओळखीचा कुत्रा रिंगमध्ये असेल तर त्याच्या नजरेआड उभे राहा.

जज कुत्र्याच्या अंगभर हात का फिरवतो?

कारण डोळ्यांना केस दिसतात आणि हाताला कुत्रा लागतो. दाट कोटाच्या जातीत खांदा किती मागे कललेला आहे, छाती किती खोल आहे, फासळ्या कशा वळल्या आहेत, पाठ खरंच सपाट आहे की कात्रीने सपाट केली आहे, हे सगळं बोटांनीच कळतं. लहान जातींना यासाठी टेबलावर ठेवतात. नराचे दोन्ही वृषण जागेवर आहेत का हेही तपासलं जातं. दात पाहिले जातात. त्यानंतर चाल. चालीतलं खोटं फार वेळ टिकत नाही: सरळ जाताना, सरळ येताना आणि बाजूने पाहताना हाडांची ठेवण उघडी पडते.

प्रेक्षक म्हणून जजचे हात बघायला शिका. चांगला जज केसांच्या आत बोटं घालतो, मुळापर्यंत जातो आणि हात काढल्यावर कोट पुन्हा पूर्वीसारखा बसवून देतो. कोटावरून नुसता वरवर हात फिरवून पुढे जाणाऱ्याचा निकाल मी फारसा मनावर घेत नाही.

ग्रूमिंगला परवानगी आहे, मग फसवणूक नक्की कुठून सुरू होते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात अवघड प्रश्न हाच. धुणं, वाळवणं, विंचरणं आणि जातीच्या परंपरेप्रमाणे केस कापणं ही तयारी झाली. मोठ्या केनेल क्लबांच्या नियमांचा गाभा असा की कोटाचा नैसर्गिक रंग, पोत किंवा भरीवपणा बदलणारा कोणताही पदार्थ लावून कुत्रा रिंगमध्ये आणायचा नाही. स्वच्छतेसाठी काही वापरलं असेल तर ते आत येण्याआधी पूर्ण निघालेलं हवं. कोटात असं काही आढळलं तर जज कुत्र्याला रिंगबाहेर काढू शकतो, पुरस्कार रोखू शकतो.

आता याच्या उलट बाजूला काय काय चालतं ते पाहा. पांढऱ्या टेरियरच्या पायांना चॉक चोळून ते जाड आणि शुभ्र दाखवणं. फिकट पडलेल्या काळ्या कोटाला रंग देणं. नाकावरचा गुलाबी डाग झाकणं. केस उभे राहावेत म्हणून हेअरस्प्रे मारणं. पूडलच्या डोक्यावर खोट्या केसांची भर घालणं. यातलं प्रत्येक काम कुत्र्यात नसलेला गुण आहे असं दाखवतं. आणि शो हा वंश निवडण्यासाठी असेल तर फसतो फक्त जज नाही. त्या कुत्र्यापासून पिल्लं घेणारा प्रत्येक माणूस फसतो. बाटलीतला काळा रंग पिल्लांत उतरत नाही.

मग कात्रीने आकार देणं ही फसवणूक नाही का? तीही दोष झाकतेच की.

झाकते, हे मान्य करायलाच हवं. कुशल ग्रूमर कोपराजवळ थोडे केस जास्त ठेवून आत वळलेला पाय सरळ दाखवू शकतो, शेपटीच्या मुळाशी चार केस ठेवून पाठ आखूड भासवू शकतो. फरक इतकाच की कात्रीने केलेली गोष्ट जजचा हात उघडी पाडू शकतो, आणि ती कला सगळ्यांना शिकायला खुली आहे. रंगाचं आणि स्प्रेचं तसं नाही.

शिवाय मर्यादा जातीनुसार बदलते, आणि ती स्टँडर्डमध्येच लिहिलेली असते. अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे बारा महिन्यांपुढचा पूडल नेहमीच्या वर्गांत काँटिनेंटल किंवा इंग्लिश सॅडल याच कटमध्ये यावा लागतो, दुसरा कट केला तर बाद. डोक्यावरचे केस रबर बँडने बांधायला तिथे परवानगी आहे. गोल्डन रिट्रीव्हरचं उलट आहे. पंजे नीटनेटके करा, सुटे केस आवरा, पण कोटाचं नैसर्गिक रूप किंवा अंगाची रेषा कापून बदलू नका, असं त्याचं स्टँडर्ड सांगतं. कोमोंडोरच्या तर जटाच असतात. त्या विंचरायच्या नसतात, हाताने वेगळ्या करत जपायच्या असतात.

राठ केसांच्या टेरियरचं उदाहरण मला फार आवडतं. त्यांचे वाढ संपून सैल झालेले बाहेरचे केस बोटांनी किंवा बोथट स्ट्रिपिंग नाईफने उपटून काढतात. याला हँड स्ट्रिपिंग म्हणतात. मशीन फिरवली तर काम मिनिटांत होतं, पण केस मऊ पडतात, रंग फिका होतो आणि स्टँडर्डला हवा तो राठपणा जातो. म्हणजे इथे कष्टाची वाट कोटाचा खरा पोत राखते आणि सोपी वाट तो बिघडवते.

काही प्रश्न मात्र जाणकारांतही सुटलेले नाहीत. चायनीज क्रेस्टेड या जातीच्या केसविरहित प्रकारात अनेक कुत्र्यांच्या अंगावर बऱ्यापैकी केस उगवतात आणि शोआधी ते सफाचट केले जातात. मग समोर उभा आहे तो खरा केसविरहित की वस्तऱ्याने केलेला? मला वाटतं, ज्या गुणावरून प्रकाराचं नाव पडलं तोच गुण सकाळी तयार करता येत असेल, तर जजने आणि ब्रीडरांनी (पैदास करणाऱ्यांनी) त्यावर उघडपणे बोललं पाहिजे.

सगळेच स्प्रे वापरत असतील तर स्पर्धा बरोबरीचीच झाली ना?

हा युक्तिवाद मी रिंगच्या कडेला असंख्य वेळा ऐकला आहे. सगळे वापरत नाहीत, पहिली गोष्ट ही. नियम पाळणाऱ्याचा कुत्रा सपाट दिसतो आणि तो मागे पडतो. दोनेक शोंनंतर तोही बाटली हातात घेतो किंवा येणंच सोडतो. म्हणजे ही बरोबरी प्रामाणिक माणसाला बाहेर काढून आलेली असते. मोठे टॉपनॉट (डोक्यावरचे केसांचे झुबके) असलेल्या जातींत स्प्रे हे उघड गुपित आहे. तपासणी करायची सोय ब्रिटनच्या केनेल क्लबच्या नियमांत आहे. पूर्वसूचना न देता ते कोणत्याही कुत्र्याची तपासणी करू शकतात. नियम वास्तवाला धरून नाही असं वाटत असेल तर तो सगळ्यांसमोर बदलावा, म्हणजे सगळ्यांना सारखा लागू होईल. लिहायचं एक आणि करायचं दुसरं, यात नव्या माणसाचा बळी जातो.

शस्त्रक्रिया करून दोष घालवला तर?

शरीराची नैसर्गिक ठेवण बदलणाऱ्या शस्त्रक्रिया, दात सरळ करणाऱ्या तारा, कृत्रिम वृषण हे सगळं शो रिंगमध्ये गैर मानलं जातं, कारण ते वंशात असलेला दोष लपवतं. आजारावरचे उपचार वेगळे, पण तिथेही वाद होतात. २००३ मध्ये क्रफ्ट्स जिंकलेल्या पेकिनीज या चपट्या नाकाच्या जातीच्या कुत्र्यावर चेहऱ्याची शस्त्रक्रिया केल्याचा आरोप झाला होता. चौकशीत ती घशावरच्या उपचाराची शस्त्रक्रिया निघाली आणि किताब कायम राहिला. आरोप जगभर पसरला, खुलासा त्या मानाने थोड्यांपर्यंत पोचला.

शेपटी छाटण्याबाबत तर कायदाच आहे, आणि तो थेट प्रेक्षकांशी जोडलेला आहे. ६ एप्रिल २००७ नंतर शेपटी छाटलेला कुत्रा इंग्लंडमध्ये, जिथे लोक तिकीट काढून येतात अशा शोमध्ये, दाखवता येत नाही.

नामांकित हँडलरच्या हातातला कुत्राच जिंकतो, हे खरं का?

काही अंशी. व्यावसायिक हँडलर कुत्र्याला उत्तम उभं करतो, त्याला साजेशा वेगाने चालवतो, कोणता जज काय पाहतो हे त्याला ठाऊक असतं. हे कौशल्य आहे, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा जज दोरीच्या खालच्या टोकाऐवजी वरच्या टोकाकडे बघू लागतो. घरच्या मालकाने स्वतः तयार केलेला, स्वतः चालवलेला चांगला कुत्रा मागे राहताना पाहिला की मला आजही वाईट वाटतं. म्हणून अमेरिकन केनेल क्लबने मालक-हँडलरांसाठी सुरू केलेली वेगळी स्पर्धामालिका मला योग्य वाटते.

ग्रूमिंगची स्पर्धा म्हणजे हेच का?

नाही, आणि ही गल्लत पुष्कळांची होते. ग्रूमिंग स्पर्धेत गुण ग्रूमरला मिळतात. कुत्रा आधी धुऊन, वाळवून आणतात, पण कापणं सगळं तिथेच, प्रेक्षकांसमोर, ठरलेल्या वेळात. पूडल, स्पॅनियल व सेटर, हँड स्ट्रिपिंग असे वेगळे वर्ग असतात. शेवटी जज रेषा, दोन्ही बाजूंचा सारखेपणा, कात्रीच्या कामाचा गुळगुळीतपणा आणि जातीचं रूप उतरलं आहे का हे पाहतो.

इथला न्याय वेळ सुरू होण्याआधी ठरतो. कुत्रा आधीच घरी कापून आणला आणि स्पर्धेत नुसती टोकं छाटली, तर काम सोपं झालं. म्हणून सुरुवातीला जज प्रत्येक टेबलावर जाऊन पुरेसे केस वाढलेले आहेत का, आधीच आकार दिला आहे का हे तपासतो. ही पाहणी बघायला विसरू नका. दुसरी खाचखळग्याची जागा म्हणजे कुत्रा स्वतः: उत्तम कोटाचा, तासन्‌तास शांत उभा राहणारा कुत्रा मिळालेल्या ग्रूमरला अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते. जज सुरुवातीची आणि शेवटची अवस्था दोन्ही मनात धरून निर्णय देतो तेव्हाच हे अंतर कमी होतं.

रंगीबेरंगी कुत्रे दिसले तर ते क्रिएटिव्ह ग्रूमिंग. तिथे रंग नियमातच बसतो. मला तो प्रकार रुचत नाही.

या सगळ्यात कुत्र्याला त्रास होतो का?

होऊ शकतो, आणि माझ्यासाठी हाच प्रश्न सगळ्यांच्या वर आहे. नीट सवय लावलेला कुत्रा टेबलावर झोपून जातो. असे मी कितीतरी पाहिले आहेत. पण सतत ओठ चाटणं, श्रम नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं पाहणं, शेपटी पायांत घेणं, उकाडा नसताना जोरात धापा टाकणं ही ताणाची खूण आहे. टेबलावर गळ्यात फास अडकवून कुत्र्याला एकटं सोडून जाणं तर धोकादायकच, कारण उडी मारली तर तो लटकतो. चपट्या नाकाच्या जातींना गरम हवेच्या ब्लोअरसमोर फार वेळ ठेवणंही तसंच.

त्रास फक्त ग्रूमिंगमधून येतो असंही नाही. २०१२ मध्ये क्रफ्ट्सला पंधरा जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी सुरू झाली आणि सहा जातींचे विजेते, त्यात बुलडॉग आणि पेकिनीजही होते, नापास होऊन गटाच्या फेरीत जाऊ शकले नाहीत. तेव्हा मोठी ओरड झाली. मला मात्र तो निर्णय पटला होता. ज्याला नीट श्वास घेता येत नाही किंवा ज्याचे डोळे दुखतात, तो कितीही सुंदर विंचरलेला असला तरी विजेता कसा?

काही गैर दिसलं तर प्रेक्षकाने काय करावं?

कुत्र्याला मारहाण, फासावर एकटं सोडणं, उन्हात बंद गाडीत ठेवणं असं काही दिसलं तर एक क्षणही न थांबता शोच्या कार्यालयात किंवा ड्यूटीवरच्या पशुवैद्याला सांगा. क्रमांक लक्षात ठेवा, वेळ आणि जागा लिहून घ्या. चॉक किंवा स्प्रेचा संशय आला तर मालकाशी हुज्जत घालू नका. तयारीच्या जागेत स्प्रेची बाटली दिसणं हा पुरावा नव्हे, ती साध्या पाण्याची असू शकते. शोच्या सचिवाला जे पाहिलं तेवढंच सांगा. औपचारिक हरकत कोण घेऊ शकतं याचे नियम प्रत्येक क्लबचे वेगळे आहेत आणि ते पुष्कळदा स्पर्धकांपुरते असतात, पण प्रेक्षकाने दिलेली माहिती सचिवाला उपयोगी पडते. व्हिडिओ काढून नावानिशी सगळीकडे पसरवणं टाळा. २००३ चा पेकिनीज आठवा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कोणती रिंग बघावी?

फॉक्स टेरियरच्या दोन्ही. स्मूथ आणि वायर यांची अंगाची ठेवण जवळपास एकच. स्मूथच्या अंगावर आखूड, चिकटून बसलेले केस असतात. खांदा, मान, मांडी सगळं उघड. वायरवर महिनोन्‌महिने हाताने घडवलेला राठ कोट असतो. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोमध्ये ‘बेस्ट इन शो’ सुरू झाल्यावर पहिली तीन वर्षं, १९०७ ते १९०९, एकाच स्मूथ फॉक्स टेरियर मादीने जिंकली. नंतर मात्र तिथे सगळ्यात जास्त वेळा जिंकण्याचा मान वायरकडे गेला. आधी स्मूथची रिंग बघा, उघडी रेषा डोळ्यांत साठवा, आणि मग वायरच्या रिंगकडे जाऊन कोटाखाली तीच रेषा सापडते का ते शोधा. जजचे हात तिथे काय शोधतायत ते तुम्हाला आपोआप कळेल.